उरलेला शेंदूर

नायगाव, मुंबई
९ ऑक्टोबर १९२७

चि. पोपट,

तुला, बायजाला आणि घरातल्या सगळ्यांना माझा आणि गोदाचा आशीर्वाद. आपल्या गावचा विठू गवताच्या वॅगनीबरोबर इकडे आला होता. परत जाताना त्याच्या हाती चार डबे देतो आहे. तीन शेंदरी आणि एक पांढरा. नेरळ स्टेशनावरून बैलगाडीत टाकून आण. झाकणं घट्ट ठोकली आहेत, तरी आडवे ठेवू नकोस.

माटुंग्याचा बंगला परवा संपला. लोखंडी फाटक, जिने, गॅलऱ्यांचे कठडे, या सगळ्याला आधी शेंदराच्या अस्तराचा हात द्यावा लागतो, मग वर हिरवा. मालकानं रंग अंदाजापेक्षा जास्त मागवला होता. काम झालं तसा म्हणाला, "हे डबे माझ्या आवारात नकोत." मुकादम म्हणाला, मागच्या नाल्यात ओता. माझ्याबरोबरच्या गड्यांनी दोन ओतलेसुद्धा. पाणी लाल होऊन वाहत गेलं ते बघून मला कसंतरी झालं. गावाकडं भावाच्या दाराला कधी ब्रश लागला नाही आणि आपण इथं नाल्याला रंग देतोय. मी उरलेले मागून घेतले. मुकादमाला तेवढाच ताप कमी.

रंग तळाशी बसलेला असेल आणि वर तेल तरंगत असेल. बांबूच्या काठीनं खालपासून ढवळ. दाराला पांढरा दे, खिडकीच्या गजांना शेंदरी. पातळ करायला बाटलीत बेलतेल, म्हणजे कढवलेलं जवसाचं तेल, दिलं आहे, तेच घाल. काय उरेल ते कुणाला तरी दे, पण फेकू नकोस. चांगली वस्तू आहे.

कमळ्या कसा आहे? गावची गुरं अजून त्याच्याकडेच ना? त्याला म्हणावं, सहदेव विचारत होता.

तुझा,
सहदेव

•

पोशीर
३० ऑक्टोबर १९२७

सहदेवदादा,

पायांवर डोकं ठेवून लिहितो. डबे सुखरूप आले. दिवाळीच्या आधीच दार रंगवून काढलं. बायजानं दोन दिवस नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "तुमच्या दादांनी मुंबईचा वास पाठवलाय." पण आता येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दार दाखवते. भागूबाई म्हातारी रोज येऊन हात लावून बघते. पाटील स्वतः पायऱ्या चढून आले. म्हणाले, "पोपट, तुझं घर बंगला झालं रं." मी म्हटलं, भिंती कुडाच्याच आहेत, पाटील.

शेंदरी मात्र पुष्कळ उरला. गजांना कितीसा लागणार? एक डबा जेमतेम अर्धा झाला. उरलेल्याचं काय करावं हा प्रश्नच पडला नाही, कारण शेंदूर म्हणजे देवाची वस्तू. तो उकिरड्यावर टाकता येत नाही की कुणाच्या उंबऱ्याला फासता येत नाही. वाघबारशीला, वाघोबाच्या पूजेच्या दिवशी, कमळ्या नेहमीसारखा दारी आला. दरवर्षी आपण त्याला वाण्याकडचा चिमूटभर शेंदूर पुडीत बांधून देतो, तेवढ्यात तो माळावरच्या दगडी वाघोबाचे डोळे-नाक कसेबसे रंगवतो. यंदा मी त्याला अडीच डबे दाखवले. तो बघतच राहिला. म्हणाला, "येवढा? आरं, येवढ्यात सारी वाडी रंगंल."

मीही माळावर गेलो. तू दिलेलं बेलतेल दाराला संपलं होतं, आणि देवाच्या शेंदरात तिळाचं तेलच पडायला हवं, म्हणून तेच घालून कालवलं. एका डब्याचा रंग देवाच्या डोक्यावरून पायापर्यंत ओतला. खाली ओघळ आले ते शेजारच्या सपाट खडकावर पसरले. तुला आठवत असेल, त्याच खडकावर कमळ्या गुरांना मीठ चारतो. ठाकरवाडीतली सगळी माणसं आली होती. कमळ्याची बायको ठकी तान्ही पोर पदरात घेऊन लांब आंब्याखाली उभी होती. कमळ्यानं खीर शिजवली, गुरांच्या नावानं नैवेद्य दाखवला आणि म्हणाला, "यंदा वाघोबा नवरदेव दिसतो रं. सहदेवाला सांग, तुज्या रंगानं देवाचं लगीन लावलं."

तुझा,
पोपट

•

नायगाव
२० नोव्हेंबर १९२७

चि. पोपट,

तुझं पत्र गोदाला दोनदा वाचून दाखवलं. पण रंगात तिळाचं तेल घालतात का रे वेड्या? तो आता जन्मात वाळायचा नाही. वाघोबाला टेकून कुणी बसला तर पाठीवर शेंदूर घेऊन घरी जाईल. कमळ्याला सांग, उगाच मिठी मारू नकोस देवाला.

तू लिहिलंस त्यावरून तो माळ डोळ्यांपुढे आला. पावसाळ्यात एकदा मी आणि कमळ्या गुरं घेऊन त्या खडकावर बसलो होतो. ओढ्याला लोंढा आला आणि आम्ही पलीकडे अडकलो. मी रडायला लागलो. कमळ्या म्हणाला, "रडतोस कशाला रं? वाघोबा हाय आनि मी हाय. दोघंजन हाव." मग गाईच्या शेपटीला धरून मला अलीकडे आणलं. या मुंबईत माझ्या ओळखीची हजार माणसं असतील, पण असं सांगणारं एकही नाही.

माझं बरं आहे. पोटात अधूनमधून पीळ पडतो. खाणावळीच्या तेलाचा दोष असेल, कारण मध्यंतरी गोदाला माहेरी जावं लागलं होतं. आता ती परत आली आहे. वांद्र्याला नवं काम लागलं आहे. तिथंही डबे उरतील. हवे असतील तर कळव.

सहदेव

•

पोशीर
११ डिसेंबर १९२७

सहदेवदादा,

नमस्कार. हे पत्र घाईत लिहितोय.

गावातली गुरं मरताहेत. आधी भागूबाईची गाय गेली. दोन दिवस दात करकरा खात होती, कान सारखे उडत होते. डोळे उघडे, पण दिसत नव्हतं. गोठ्याच्या भिंतीला डोकं लावून उभी राहायची, जणू भिंत ढकलतेय. मग आडवी झाली. म्हातारी तिच्या तोंडात पेज ओतत बसली, ती परत बाहेर आली. त्यानंतर पाटलांचा पांढरा बैल. मग आणखी दोन घरची वासरं. सगळ्यांचं दुखणं तेच. फऱ्या नाही, घटसर्प नाही. जाणत्यांनी पाहिलं, कुणाला ओळखता आलं नाही.

गजा भगताला बसवलं. तो म्हणाला, वाघोबा कोपलाय. माळावर जाऊन बघितलं तर खरंच, इतका शेंदूर घातलेला, पण देवाचं अंग पायाकडे जागोजागी उघडं पडलंय. काळा दगड दिसतो. गजा म्हणाला, "देव अंगावरचं लेणं उतरवतोय. कुनाचा तरी इटाळ झालाय त्याला." मग कुणीतरी बोललं की ठकी बाळंतपणाचे दिवस पुरे व्हायच्या आत बारशीला माळावर आली होती. कमळ्यानं सांगितलं, "ती आंब्याखाली व्हती. देवाजवळ आली न्हाय. पोपटदादानं बघितलंय." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, होती लांब. पण गजा म्हणाला, देवाला लांब-जवळ नसतं.

तूर्त असं ठरलंय की देवाला पुन्हा नव्यानं पुरता शेंदूर चढवायचा आणि क्षमा मागायची. माझ्याकडचा गावच्या मारुतीला लावून संपला. पाटील म्हणाले, तुझ्या दादाला लिही. वाण्याकडच्या पुड्यांनी ते व्हायचं नाही. तेव्हा मिळेल तेवढा पाठव. देव निवला तर कमळ्यावरचंही टळेल.

पोपट

•

नायगाव
१८ डिसेंबर १९२७

चि. पोपट,

पत्र वाचून जेवण गेलं नाही. गुराचं मरण म्हणजे घरातलं माणूस जाण्यासारखंच.

विठूबरोबर दोन डबे देतो आहे. वांद्र्याचे आहेत. अगदी भरलेले. मुकादमाला न विचारता घेतले, आता काय व्हायचं ते होवो. तिळाचं तेल शक्यतो घालू नकोस, पण भगत म्हणत असेल तर मी इथून काय सांगणार?

एक मात्र कर. कमळ्याच्या बाजूनं बोल. ठकी लांब होती हे तू पाहिलंस, तर ते ठणकावून सांग. तुझ्यासारखा बोलला की पाटील ऐकतील. ठाकराच्या बाजूनं गावात कोण बोलणार? तूच ना? त्यांची गुरं नाहीत, जमीन नाही. गावची गुरं राखायची आणि भाकरी मिळवायची, एवढंच त्यांचं आहे. तेही गेलं तर डोंगरात काय खातील?

माझ्या उजव्या हाताची बोटं हल्ली सुन्न पडतात. थंडीनं असेल. म्हणून अक्षर असं आलंय.

सहदेव

•

पोशीर
८ जानेवारी १९२८

सहदेवदादा,

डबे मिळाले. अमावास्येला सगळं गाव वाजतगाजत माळावर गेलं. गजानं सांगितलं म्हणून तेल घातलंच. दोन्ही डबे देवावर रिते केले. खाली खडकभर थारोळं साचलं. वाटलं, आता तरी शांत होईल.

शांत झालं नाही. या पंधरवड्यात आधीपेक्षा जास्त गेली. आपला डावीकडचा बैल आंधळा होऊन ओट्यावर चढला आणि तुझ्या त्या रंगवलेल्या दाराला डोकं लावून उभा राहिला. बायजानं त्याच्या गळ्याला मिठी मारली. तो तिला ओळखत नव्हता. दुसऱ्या दिवशी गेला. उरलेल्या बैलाबरोबर आता मीच जुवाखाली मान देतो की काय कोण जाणे.

कमळ्याकडून गुरं काढून घेतली. नुसती काढली असती तर बरं. चावडीपुढे त्याला धरून नेलं, विचारलं, कबूल कर. तो म्हणाला, "काय कबूल करू ते तुमीच सांगा, मी करतो." मग त्याला मारलं. मी तिथं होतो. मी हात लावला नाही, एवढंच सांगू शकतो.

ठकी काल मागच्या दारी आली. पोर पाठीला बांधलेली. म्हणाली, "पोपटदादा, तुमी म्हनलेलात मी लांब व्हते. आजून एकदा म्हना की. तुमी म्हनलात तर आयकतील." बायजा माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "बघू नका, म्हना."

पंचांनी ठरवलंय, माघी पौर्णिमेला शेवटची बैठक. तोवर गुरं मरायची थांबली नाहीत तर कमळ्याचं घर माळावरून उठवायचं. त्याची आई चिंधी चालूसुद्धा शकत नाही. कमळ्या मला वाटेत भेटला. म्हणाला, "सहदेवाला कळव. तो कायतरी सुचवंल. तो मुंबईत हाय." म्हणून कळवलं.

पोपट

•

नायगाव
१५ जानेवारी १९२८

चि. पोपट,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. विठू उद्या निघतोय, त्याच्या हाती देतो, म्हणजे लगेच मिळेल. मिळाल्यावर चावडीवर सगळ्यांपुढे वाचून दाखव.

आधी माझं सांगतो, म्हणजे काळजी करत बसणार नाहीस. माझं उजवं मनगट लोंबतं. वर उचलत नाही, म्हणून हे पत्र शेजाऱ्याकडून लिहून घेतलंय. गोदा सदऱ्याची बटणं लावून देते. धर्मादाय दवाखान्यातल्या डॉक्टरनं विश्रांती सांगितली आहे. कामावरून कमी केलंय. म्हणून मी येऊ शकत नाही, रागावू नका. पाटलांना, भागूबाईला, सगळ्यांना माझा नमस्कार सांग.

आता मुख्य ते. वांद्र्याच्या बंगल्यात मालकाची दुभती गाय होती. आम्ही जुन्या फाटकाचा रंग खरवडून काढला, त्याचे पोपडे आणि शेंदराचा एक उघडा डबा आवारात राहिला. गाईनं ते चाटलं. चार दिवसांत ती दात खायला लागली, आंधळी झाली, भिंतीला डोकं लावून उभी राहिली. पोपट, तू लिहिलंस ना, अगदी तसंच. गुरांचा डॉक्टर आला. त्यानं डबा बघितला आणि सांगितलं, यात शिसं आहे. शेंदूर म्हणजे भाजलेलं शिसंच. पांढऱ्या रंगातही तेच. गुरांना त्याची गोडसर चव लागते, ती चाटत राहतात. मी त्याच्यामागं रस्त्यापर्यंत गेलो आणि आपल्या गावचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, तुझ्या गावात तेच झालंय. शिवाय तुम्ही त्यात गोडं तेल घातलंत, म्हणून ते वाळलं नाही, आणि ते ओघळलं मिठाच्या खडकावर. देवाचं अंग पायाकडे उघडं पडलंय ते गुरांच्या जिभांनी.

म्हणजे कोप नाही, विटाळ नाही. मी पाठवलेला उरलेला रंग आहे. नाव माझं घ्या.

तू म्हणशील, पूर्वजांनी शेंदूर लावला तेव्हा गुरं मेली नाहीत. तेव्हा चिमूटभर असायचा, पोपट. आपण डबे ओतले.

आता करायचं ते असं. गुरं आजपासून माळावर सोडू नका. देवावरचा आणि खडकावरचा सगळा रंग खरवडा. आधी वर कोरडी माती आणि राख टाका, म्हणजे चिकट तेल शोषलं जाईल आणि धूळ उडणार नाही. नाकातोंडाला फडकं बांधा. खरवडलेलं सगळं, ती माती, खरवडायची फडकी, सगळं त्या रिकाम्या डब्यांत भरून झाकणं ठोका. जाळू नका, धुरातही तेच आहे. नदीत, ओढ्यात, विहिरीजवळ काही टाकू नका. उकिरड्यावर तर नाहीच, कारण तो खत म्हणून भातात जातो. वरच्या मुरमाड टेकाडावर, जिथं पाणी वाहत नाही आणि गुरं चढत नाहीत, तिथं खोल खड्डा घेऊन पुरा आणि वर दगड रचा. रिकाम्या डब्यात कुणी पाणी, ताक, काही ठेवत असेल तर फेकायला लावा. देव रागावणार नाही. त्याच्या अंगावरचं विष काढल्यावर कोणता देव रागावेल?

कमळ्याला सांग, सहदेवानं सुचवलं.

सहदेव

•

पोशीर
२६ फेब्रुवारी १९२८

सहदेवदादा,

इतके दिवस लिहिलं नाही. रोज बसत होतो आणि उठत होतो.

तुझं पत्र विठूनं आल्या दिवशीच हातात दिलं. उशीर पोस्टाचा नाही, माझा आहे. वाचलं आणि बंडीच्या खिशात ठेवलं. बायजालाही दाखवलं नाही. म्हटलं, योग्य वेळ बघून सांगू. मग माघी पौर्णिमा आली.

चावडीत सगळे बसले होते. कमळ्या पायऱ्यांखाली उभा होता, अंगावर घोंगडी. पाटील म्हणाले, "विठू सांगत होता सहदेवाचं पत्र आलंय. मुंबईकर काय म्हणतो?" मी उठलो. पत्र काढलं. वाचायला लागलो, दादा. तुझं मनगट, गोदावहिनी बटणं लावते ते, विश्रांती, नमस्कार. पुढची ओळ डोळ्यांसमोर होती. समोर पाटील बसले होते, त्यांचा पांढरा बैल गेलेला. शेजारी भागूबाई, तिची एकुलती गाय गेलेली. मागच्या बाजूला अशी एकेक घरं. मी त्या सगळ्यांना सांगणार होतो की तुमची गुरं मी मारली. पहिला डबा मी माझ्या हातानं ओतला, तेल मी घातलं, दुसरे डबे मी मागवले. मला वाळीत टाकलं असतं. पोरीचं लग्न ठरत आलंय.

मी पत्राची घडी घातली. पाटील म्हणाले, "आरं आरं. देव त्याला बरं करो." भागूबाईनं डोळ्याला पदर लावला.

कमळ्या खालून म्हणाला, "येवढंच?"

मी म्हटलं, एवढंच.

तो पाटलांकडे वळला आणि म्हणाला, "आयला उचलून न्यावं लागंल. दोन दिस द्या." त्याला दोन दिवस दिले. तो निघून गेला त्या दिवशी चावडीवरचे काही जण वर गेले आणि कुडाचं घर खाली घेतलं. वाडीतल्या इतर घरांनी दारं लावून घेतली होती.

त्यानंतरच्या बुधवारी सगळे कडावच्या बाजाराला गेले होते. मी बायजाला पत्र वाचून दाखवलं. ती मग कोयता आणि राखेची पाटी घेऊन उठली. म्हणाली, "चला." आम्ही दोघांनी तू लिहिलंस तसं केलं. राख टाकली, खरवडलं, खडक घासला. माझ्या तोंडाला फडकं होतं तरी दोन दिवस जिभेवर गोड चव राहिली. सगळं डब्यांत भरून मुरमाच्या टेकाडावर पुरलं. वर दगड रचले. तू सांगितलेली एकही गोष्ट चुकवली नाही. बायजा येताना वाटेत एवढंच म्हणाली, "चार दिवस आधी केलं असतं तर?" त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतीच बोलते.

दुसऱ्या दिवशी गुराख्यानं गावात बातमी आणली. नवा गुराखी म्हणजे गजाचा मेहुणा. देवाचं अंग उघडं पडलंय, शेंदराचा कणही नाही. सगळे धावले. गजानं दगडाला हात लावला आणि सांगितलं, "देवानं कवच सोडलं." तुला माहीतच आहे, लोक मानतात की वर्षानुवर्षं चढलेला शेंदूर देव स्वतःच्या मनानं उतरवतो तो प्रसन्न झाला म्हणजे. बायकांनी ओवाळलं. पाटलांनी नारळ फोडला. मी गर्दीत उभा होतो. माझ्या नखांत अजून शेंदूर होता.

आणि गुरं मरायची थांबली. दोन आजारी होती ती गेली, त्यानंतर एकही नाही. आता गावात शंका कुणालाच उरली नाही. कमळ्या गेला आणि देव निवला. बारकी पोरंसुद्धा तसंच सांगतात. पूर्वी दोन-चार जण तरी दबक्या आवाजात म्हणायचे की ठाकराला उगाच छळलं. त्यांचीही तोंडं बंद झाली. मी केलं त्यानं गुरं वाचली आणि कमळ्या कायमचा दोषी ठरला. आता मी पत्र वाचलं तरी कोण ऐकेल? म्हणतील, देवानं केलेलं स्वतःच्या नावावर घेतो.

कमळ्या खालापूरच्या बाजूला गेला असं ऐकतो. लोधिवलीजवळ मुंबई-पुणे सडकेची खडी फोडायला माणसं लागतात, तिथं असेल.

मला काय शिव्या द्यायच्या त्या दे.

पोपट

•

लोधिवली
१४ एप्रिल १९२८

पोपट,

डाव्या हातानं लिहितो आहे. समजून वाच.

कमळ्या सापडला. चौक गावाच्या अलीकडे सडकेच्या कडेला खडीचे ढीग आहेत, तिथं ठकी आणि तो दोघं फोडत बसले होते. पोर पाल्याच्या सावलीत निजली होती. त्यानं मला लांबून ओळखलं नाही. जवळ गेल्यावर माझ्या हाताकडे बघून म्हणाला, "आरं, ह्यो कुनी मोडला?" मी म्हटलं, रंगानं. तो हसला. म्हणाला, "मुंबईत रंग बी मारतो?"

चिंधी गेली. कर्जत ओलांडल्यावर, दहिवलीच्या पुढे. कमळ्यानं तिला पाठीवर घेतलं होतं. कधी गेली ते त्याला कळलंच नाही. ठकी मागून येत होती, तिला सासूचा हात लोंबताना दिसला, तेव्हा कळलं. ओळखीचं कुणी नव्हतं. दोघांनीच नदीकाठी तिला माती दिली.

मी त्याला सगळं सांगायला आलो होतो. सांगितलं. रंग, शिसं, वांद्र्याची गाय, तेल, मिठाचा खडक. चावडीत पत्र अर्धं वाचलं तेही सांगितलं. मी ते लपवायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही. म्हटलं, मी तुझ्याबरोबर पोशीरला येतो. चावडीवर उभा राहतो. गुरांच्या डॉक्टरकडून कागद आणतो. तुझ्यावरचा डाग पुसून टाकतो.

ठकी घण खाली ठेवून ऐकत होती. तिच्या तोंडावर काहीतरी उजळलं. ती त्याला म्हणाली, "आवो, आयका." पण तो घण चालवतच राहिला. मला वाटलं त्याला समजलं नाही. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो. तेव्हा त्यानं हात थांबवला.

"समाजलं रं," तो म्हणाला. "मी येडा न्हाय."

"मग चल."

"सहदेवा, आय माज्या पाठीवर मेली. दिस मावळस्तवर मी मनात म्हनत व्हतो, वाघोबाचं कायतरी चुकलं आपल्याकडून, त्याचं देनं आपन देतोय. आपन गेलो म्हंजे गुरं जगतील. आनि जगली. विठू भेटलेला, तो म्हनला, येक बी मेलं न्हाय. मी ठकीला सांगितलं, बघ, आय फुकट गेली न्हाय." त्यानं खडीचा एक तुकडा उचलला, उगाच उलटापालटा केला. "आता तू म्हनतोस डबा व्हता. पोपटदादानं कागूद वाचला आसता तर आमी घरी आसतो. मंग आय कशापायी मेली? ते सांग. सांगतोस?"

त्यानं तो तुकडा ढिगावर टाकला.

"मंग ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "माजा देव माज्याकडं ऱ्हाऊ दे. तू कुनाला सांगू नको. पोपटदादाला बी सांग, बोलू नको म्हनावं. त्याच्या पोरीचं लगीन हाय ना?"

ठकी उठली आणि पोरीजवळ जाऊन आमच्याकडे पाठ करून बसली. तिनं माझ्या हातचं पाणीही घेतलं नाही. तिला सत्य हवं होतं. पण त्यासाठी नवऱ्याकडचा देव ओढून घ्यायचं तिच्यानं झालं नाही, आणि माझ्यानंही नाही.

मी इथल्या धर्मशाळेत उतरलो आहे. उद्या मुंबईला परत जाईन. तू चावडीवर उभा राहून सगळं वाच, असं बजावायला मी तुला पत्र लिहायला बसलो होतो. आता तेही लिहवत नाही. कमळ्यानं नको म्हटलंय. आपण त्याच्याकडून घर घेतलं, गुरं घेतली, आई घेतली. त्याच्याजवळ एवढीच एक खोटी गोष्ट उरली आहे, आणि ती काढून घ्यायचा हक्क आपल्या दोघांपैकी कुणालाही नाही.

मी निघालो तेव्हा तो खडी फोडत होता. मागून हाक येईल म्हणून मी सडकेच्या वळणापर्यंत सावकाश चाललो.

सहदेव